बायबलच्या ‘उत्पत्ती’ पुस्तकातले सृष्टीचे सहा दिवस ‘गाणं’, आणि भाकर मात्र खरंच शरीर? हे गणित कसं सोडवायचं?

माळरान | रविवार, रात्री ११.१०

मंडळी, धागा जरा घरगुती आहे. चालवून घ्या.

आज लेकीचं पहिलं कम्युनियन (पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेण्याचा विधी) होतं, वसईला. बायको वसईची, कॅथलिक. मी नगर जिल्ह्यातला, प्रोटेस्टंट. आमच्याकडून एकटी आत्या आली होती. वय ७४, चाळीस वर्षं संडेस्कूल घेतलेली, अख्खं स्तोत्रसंहिता तोंडपाठ असल्यासारखं बोलते.

मिस्सा झाली, मांडवात पंगत बसली. फुगे (वसईकडचे तळलेले गोल पाव) येईपर्यंत लेकीनं मोठ्यानं विचारलं, “सूर्य चौथ्या दिवशी झाला, तर त्याआधीचे तीन दिवस देवानं मोजले कसे?”

सासरे हसले. म्हणाले, “अगं, ते गाणं आहे. गाण्यात कडवी मोजतात.”

आत्याचा हात ताटावरच थांबला. “गाणं? देवाचं वचन आहे ते. सहा दिवस म्हटलंय तर सहाच दिवस.”

इथवर मला काही नवीन नव्हतं. गंमत त्याच्या तासभर आधी, चर्चमध्ये झाली होती. ख्रिस्तप्रसादाच्या वेळी सासरे गुडघ्यावर. त्यांच्या लेखी ती भाकर आता भाकर राहिलेली नाही, प्रभूचं शरीर झालेली आहे. आत्या बाकावर ताठ बसून माझ्या कानात म्हणाली, “आठवणीसाठी म्हणून सांगितलंय रे. भाकर ती भाकरच.”

परतताना घोडबंदर रोडला दीड तास अडकलो तेव्हा डोक्यात आलं: एक माणूस उत्पत्तीपाशी कवी आणि भाकरीपाशी शब्दशः. दुसरी व्यक्ती बरोबर उलटी. पुस्तक तेच. मग कुठे अक्षर धरायचं आणि कुठे अलंकार, हे हे लोक ठरवतात कशावरून?

धर्मांतर, मिशनरी, कोण श्रेष्ठ हे विषय कृपया नकोत. त्यासाठी वेगळे धागे भरपूर आहेत.

तिरफळ | रविवार, रात्री ११.१६

पहिला नंबर. फुग्यांबरोबर काय होतं ते लिहिलं नाहीत. णिषेध.

नेढ्यातला_वारा | रविवार, रात्री ११.३१

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. धाग्याचं काश्मीर न होवो ही प्रार्थना (शब्दशः घ्यावी).

ओवीकार | सोमवार, सकाळी ७.४०

माळरान, तुमच्या लेकीला माझ्यातर्फे एक चॉकलेट द्या. तिनं विचारलेला प्रश्न अठराशे वर्षांपूर्वी अलेक्झांड्रियाच्या ओरिजेननं जवळजवळ याच शब्दांत विचारला होता. सूर्य-चंद्र-तारे नसताना पहिला, दुसरा, तिसरा दिवस झाला असं कुठला शहाणा माणूस मानेल? आणि देवानं शेतकर्‍यासारखी एदेनात बाग लावली असं मानण्याइतका भोळा कोण आहे? हे विचारणारा डार्विन वाचून आलेला नव्हता, चर्चमधलाच मोठा पंडित होता. तेव्हा ‘विज्ञानानं अडचण केली म्हणून आता गाणं म्हणायला लागले’ हा जो नेहमीचा आरोप होतो, तो पूर्ण खरा नाही. शंका मजकुरातूनच उगवते.

पुढे ऑगस्टीन. त्याच्या मते देवानं सगळं एका क्षणात निर्माण केलं, सहा दिवस ही माणसाला समजावं म्हणून केलेली मांडणी. आणि गंमत बघा, हे ज्या ग्रंथात लिहिलं त्याच्या नावातच ‘शब्दार्थानुसार’ असं आहे! म्हणजे ‘शब्दशः’ या शब्दाचा अर्थही तेव्हा आजच्यासारखा नव्हता. लेखकाला जे म्हणायचंय तो शब्दार्थ, मग ते त्यानं उपमेतून का म्हटलेलं असेना.

उत्पत्तीचा पहिला अध्याय मोठ्यानं वाचून बघा. “संध्याकाळ झाली व सकाळ झाली” हे पालुपद. पहिल्या तीन दिवसांत जागा तयार होतात: उजेड-अंधार, आकाश-पाणी, जमीन. पुढच्या तीन दिवसांत त्याच क्रमानं त्या भरल्या जातात: सूर्य-चंद्र, पक्षी-मासे, प्राणी-माणूस. सासरे ‘कडवी’ म्हणाले ते अंदाजे म्हणाले असतील, पण नेमकं म्हणाले.

(मी ख्रिस्ती नाही. मराठी शिकवायचो, त्या ओघात क्रिस्तपुराण, म्हणजे ओव्यांतली बायबलकथा, वाचलं आणि अडकलो.)

खडकावरचे_घर | सोमवार, सकाळी ९.०५

आत्याबाईंच्या बाजूनं कुणीतरी बोलायला हवं, म्हणून लिहितो.

एक, पालुपद असलं की काव्य, हा नियम कुणी केला? बायबलच्याच ‘गणना’ पुस्तकाच्या सातव्या अध्यायात बारा सरदारांनी आणलेली तीच ती भेट बारा वेळा लिहिली आहे. तिला कुणी कविता म्हणत नाही, यादी म्हणतात. इब्री (हिब्रू) कवितेची खूण म्हणजे दोन ओळींचं जोडपं. स्तोत्रांत ते पानोपानी आहे, उत्पत्ती १ मध्ये एखाददुसर्‍या ठिकाणी.

दोन, आमच्याकडे सगळं शब्दशः घेतात हा समज चुकीचा आहे. १९७८ साली शिकागोत वचनाच्या अचूकपणावर इव्हॅंजेलिकल विद्वानांनी जे निवेदन काढलं, त्यातच लिहिलंय की शास्त्राचा अर्थ व्याकरण आणि इतिहास धरून, त्यातले साहित्यप्रकार ओळखून लावायचा. “मी दार आहे” असं प्रभू म्हणाला म्हणून आम्ही बिजागर्‍या शोधत नाही. त्याच निवेदनात हेही आहे की पृथ्वीच्या इतिहासाबद्दलच्या वैज्ञानिक अनुमानांनी उत्पत्ती आणि जलप्रलयाची शिकवण उलटवायची नाही.

म्हणजे वाद ‘साहित्यप्रकार आहेत की नाहीत’ हा नाहीच. उत्पत्ती कुठल्या प्रकारात बसते, एवढाच आहे. आणि प्रेषित पौलानं रोमकरांस पत्रात आदामाला एक माणूस धरून ख्रिस्ताशी तुलना केली आहे. आदाम उपमा असेल तर ती तुलना लंगडी पडते.

तिरफळ | सोमवार, सकाळी ९.१२

बिजागर्‍या! =)) दंडवत घ्या.

सुकेळी | सोमवार, दुपारी १.२०

वसईकर हजर. माळरान, जावईबापू, फुग्यांबरोबर काय होतं ते आम्ही सांगू का? :)

खडकावरचे_घर, आदामाबद्दल तुमच्या-आमच्यात वाटतं तेवढं अंतर नाही. आमच्याकडे कुणी ‘सगळं गाणंच’ म्हणत असेल तर तेही अर्धवट. पोप बारावे पायस यांनी १९५० च्या परिपत्रकात मूळ एका जोडप्याची शिकवण सोडायला नकार दिला होता. आजही चर्चच्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथात आदाम-हव्वेच्या पतनाच्या अध्यायाची भाषा आलंकारिक, पण घडलेली गोष्ट मात्र खरी, असंच सांगितलं आहे.

आणि ही ‘गाणं’वाली मोकळीक आमच्याकडेही जुनी नाही बरं. १९०९ साली रोमच्या बायबल आयोगानं उत्पत्तीच्या पहिल्या तीन अध्यायांतल्या मुख्य गोष्टींच्या ऐतिहासिकपणावर शंका घेऊ नये असं सांगितलं होतं. १९४३ मध्ये याच बाराव्या पायसनं विद्वानांना प्राचीन पूर्वेकडचे लेखनप्रकार अभ्यासायला सांगितलं, आणि १९६५ ला दुसर्‍या व्हॅटिकन परिषदेनं ते पक्कं केलं: इतिहास, भविष्यवाणी, काव्य यांत सत्य वेगवेगळ्या रीतीनं सांगितलेलं असतं. तेव्हा माळरानचे सासरे १९६५ नंतरच्या धर्मशिक्षणाचे. सासर्‍यांचे आजोबा त्या पंगतीत असते तर आत्याबाईंच्या शेजारी बसले असते!

माझ्या पिढीला फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या सुबोध बायबलनं टिपा वाचायची सवय लावली. त्याआधी घरात बायबल होतं, पण फुलं वाहायला.

शनिवारवाला | सोमवार, दुपारी ३.४५

(पेठेतला नव्हे. शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, पाळणारा. पुण्यात अ‍ॅडव्हेंटिस्टांच्या स्पायसर कॉलेजच्या आसपास वाढलो.)

कुठे अक्षर धरायचं ते कशावरून ठरतं, हा मूळ प्रश्न. आमच्यापुरतं उत्तर सोपं आहे. निर्गमाच्या विसाव्या अध्यायात शब्बाथाची आज्ञा आहे आणि तिचं कारण दिलंय: सहा दिवसांत परमेश्वरानं निर्माण केलं, सातव्या दिवशी विसावा घेतला. दिवस म्हणजे युगं असतील तर मी दर शनिवारी दुकान बंद का ठेवतो? आमच्या सेव्हन्थ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट मंडळीनं २०१५ साली आपल्या विश्वास-कलमात हे सहा दिवस नेहमीचे, खरेखुरे असल्याचं आणखी स्पष्ट केलं.

म्हणजे नुसत्या मजकुरावर प्रश्न सुटत नाही. त्या ओळीवर तुमचं आयुष्य किती टांगलंय ते बघा. आमचं सातव्या दिवसावर, सासर्‍यांचं वेदीवर.

माळरान | सोमवार, सायंकाळी ६.३०

शनिवारवाला, हे घोडबंदरला सुचायला हवं होतं मला.

आता कुणीतरी भाकरीकडे या. सगळे उत्पत्तीतच अडकलेत.

ओहायोवासी | सोमवार, रात्री १०.५०

अडकू द्या, मला अजून एक सांगायचंय. आमच्या घरापासून तासाभरावर केंटकीत नोहाचं तारू बांधलंय, लाकडी, ५१० फूट लांब. बायबलमधले हात मोजून. २०१६ पासून उघडं आहे. मुलांना घेऊन गेलो होतो. आत पिंजर्‍यात डायनोसॉरची पिल्लं. धाकट्यानं विचारलं पिल्लंच का? गाईड शांतपणे म्हणाला, मोठे मावले नसते. मला हसू आलं, पण नंतर वाटलं, त्या माणसानं प्रश्न टाळला नाही. हिशेब केला होता.

तिथे गेल्यावर वाचायला लागलो तेव्हा कळलं की ‘पूर्वी सगळे शब्दशः मानत आणि आता ढिले पडलेत’ हे अमेरिकेतही तितकंसं खरं नाही. आयर्लंडच्या आर्चबिशप अशरनं १६५० मध्ये सृष्टीचा आरंभ ख्रि.पू. ४००४, ऑक्टोबर महिना असा काढला होता हे खरंच. पण एकोणिसाव्या शतकातले कितीतरी कट्टर प्रोटेस्टंट ‘एक दिवस म्हणजे एक युग’ किंवा ‘पहिल्या दोन वचनांच्या मध्ये मोठा काळ गेला’ असं बिनदिक्कत मानत. १९०९ च्या स्कोफिल्ड बायबलच्या टिपांमध्ये हे मधल्या काळाचं मत छापलेलं होतं, आणि ते बायबल तर शेवटच्या काळाचे तक्ते मांडणार्‍यांचं लाडकं! तरुण पृथ्वी आणि सगळे खडकांचे थर जलप्रलयानं, ही मांडणी विसाव्या शतकात शनिवारवाल्यांच्याच मंडळीतल्या प्राइस नावाच्या गृहस्थांनी रेटली, आणि १९६१ च्या एका पुस्तकानंतर ती बाकीच्या इव्हॅंजेलिकलांत पसरली.

शनिवारवाला | सोमवार, रात्री ११.०२

श्रेय दिल्याबद्दल आभार. की दोष? हलके घ्या.

पितळी_डबा | मंगळवार, सकाळी ८.१५

माझे दोन पैसे. मी मिरजेकडची. आजी प्रार्थनेला उभी राहिली की डोक्यावर पदर घ्यायचीच, स्वयंपाकघरात एकटी असली तरी. तिला विचारलं तर करिंथकरांस पहिलं पत्र, अकरावा अध्याय सांगायची. मी मुंबईत ज्या चर्चला जाते तिथे कुणीच डोकं झाकत नाही. पाळकसाहेब म्हणतात, ती त्या काळच्या करिंथ शहराची रीत होती.

बरं. आता तोच अध्याय पुढे वाचा. सोळाव्या वचनापर्यंत डोक्यावरचं आच्छादन, आणि तेविसाव्यापासून प्रभुभोजन: “हे माझे शरीर आहे.” एकाच पत्राचं एकच पान. वरचा अर्धा भाग त्या काळची रीत, खालचा अर्धा भाग सदासर्वकाळची आज्ञा! मधे रेघ कुणी मारली हे मी पाळकसाहेबांना विचारलं. ते म्हणाले चांगला प्रश्न आहे. अजून चांगलाच आहे.

सुकेळी | मंगळवार, सकाळी ८.३२

“अजून चांगलाच आहे.” :) :) चहा सांडला. आमच्याकडेही आई-आजी झाकायच्या, आता अर्ध्या चर्चची डोकी उघडी.

ओवीकार | मंगळवार, सकाळी १०.१०

माळरान, भाकरीकडे येतो.

हा वाद फक्त कॅथलिक-प्रोटेस्टंट असा नाही. १५२९ साली जर्मनीत मारबुर्गच्या किल्ल्यात दोन प्रोटेस्टंट पुढारी यावरच भांडले. ल्यूथरनं टेबलावर खडूनं लिहून ठेवलं: “हे माझे शरीर आहे.” आणि ‘आहे’वर बोट ठेवून बसला. झ्विंग्लीचं म्हणणं, इथे ‘आहे’ म्हणजे ‘दर्शवते’. प्रभू “मी खरा द्राक्षवेल आहे” असंही म्हणाला, त्याला काय पानं फुटली? बाकी जवळजवळ सगळ्या मुद्द्यांवर एकमत झालं, या एका क्रियापदावर फाटलं. माळरानची आत्या नकळत झ्विंग्लीची शिष्या आहे.

यात मराठी माणसाला एक मजा दिसते. येशू बोलायचा त्या अरामी भाषेत असं वाक्य ‘आहे’शिवायच होतं. आपणही तसंच बोलतो. भिंतीवरचा फोटो दाखवून “ही माझी आई” म्हणतो. कागदाला आई म्हणालास का, असं कुणी विचारत नाही.

सुकेळी | मंगळवार, सकाळी १०.४०

सर, फोटोचा दाखला गोड आहे, पण आईचा फोटो “घ्या, खा” म्हणून कुणी वाटत नाही.

योहानाचा सहावा अध्याय घ्या. “माझा देह खातो आणि माझे रक्त पितो” असं ऐकून लोक कुरकुरतात, हे वचन कठीण आहे म्हणतात, पुष्कळ शिष्य सोडून जातात. एरवी दाखला कळला नाही तर येशू शिष्यांना बाजूला घेऊन उलगडून सांगतो. इथे “अरे थांबा, उपमा होती” असं म्हणत नाही. उलट मूळ ग्रीकमध्ये ‘खाणे’साठी पुढे जो शब्द येतो तो चावून खाण्याचा आहे. ज्या ठिकाणी गैरसमज दूर करणं सगळ्यात सोपं होतं तिथे तो करत नाही. आमच्या शब्दशः घेण्याचं मूळ इथे आहे. आम्ही मनाला येईल तिथे अक्षर धरत नाही.

खडकावरचे_घर | मंगळवार, सकाळी ११.२५

त्याच अध्यायाचं ६३ वं वचनही वाचा ना. आत्मा जिवंत करतो, देहापासून काही लाभ नाही. आमच्या मते उलगडा तोच आहे.

पण सुकेळी, तुमची पद्धत मला आवडली. तुम्ही मजकुरातून दाखवताय. मग एक विचारतो: मत्तय १२ मध्ये येशू, योना संदेष्टा माशाच्या पोटात तीन दिवस होता म्हणतो, आणि त्याला आपल्या पुनरुत्थानाशी जोडतो. तिथेही “गोष्ट होती” असं म्हणत नाही. मग योना तरी खरा ना?

सुकेळी | मंगळवार, दुपारी १२.०५

पकडलंत.

तरी सांगते. “हनुमानानं डोंगर उचलला तसं त्यानं एकट्यानं लग्न उचललं” असं आपण म्हणतो तेव्हा इतिहासाची साक्ष देत नसतो. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट वापरत असतो. आणि योना वाचताना मला तर लेखक गालात हसताना दिसतो. निनवेत राजाच्या हुकमानं गुरंढोरंसुद्धा गोणपाट नेसून उपास करतात! पुस्तकाचं शेवटचं वाक्यही “आणि पुष्कळ गुरेढोरेही आहेत” यावर संपतं, तेही प्रश्नचिन्हानं. रुसलेला संदेष्टा, ऐकणारं शत्रूचं शहर. आमचे एक फादर म्हणायचे, माशाचा घसा मोजणार्‍याला योनाचा राग दिसत नाही.

तिरफळ | मंगळवार, दुपारी १२.२०

ओरिजेनबद्दल एक राहिलं. एवढा रूपकवाला माणूस, पण तरुणपणी मत्तय १९:१२ मधलं “स्वर्गाच्या राज्यासाठी नपुंसक केलेले” हे वचन फारच शब्दशः घेतलं आणि स्वतःवर प्रयोग केला, असं जुना इतिहासकार युसेबियस सांगतो. नंतर रूपकांकडे का वळला असेल, याचा अंदाज प्रत्येकानं आपापला करावा.

ओवीकार | मंगळवार, दुपारी १२.४८

तिरफळ, ही हकीकत काही अभ्यासकांना खरी वाटत नाही. पण तुमची टायमिंग खरी.

योना निघालाच आहे तर अवांतर: योनाला सावली देणारी वेल. जुन्या लॅटिन भाषांतरात तिथे भोपळा होता. जेरोमनं इब्रीवरून नवं भाषांतर करताना आयव्हीचा वेल केला. आफ्रिकेतल्या ओइया गावात, म्हणजे आजच्या त्रिपोलीत, बिशपनं ते नवं भाषांतर वाचलं आणि मंडळी खवळली. इतकी, की बिशपवर मंडळी गमावायची वेळ आली. ऑगस्टीननं जेरोमला पत्र लिहून हे कळवलं. मासा खरा की खोटा यावर नव्हे, भोपळ्यावर!

नेढ्यातला_वारा | मंगळवार, दुपारी १.०१

चल रे भोपळ्या टुणुक टुणुक.

माझा एक बाळबोध प्रश्न. उंट सुईच्या नाकातून, यात ‘सुईचं नाक’ नावाचा यरुशलेमला एक बुटका दरवाजा होता, उंट गुडघे टेकून जायचा, असं एका प्रवचनात ऐकलं होतं. आम्हा ट्रेकवाल्यांना लगेच पटलं, कारण राजगडावर आमचं नेढं (कड्यातलं आरपार भोक) आहेच. खरं आहे का हे?

खडकावरचे_घर | मंगळवार, दुपारी १.१८

नाही. अशा दरवाजाचा पहिल्या शतकातला काहीही पुरावा नाही. ती अतिशयोक्तीच आहे, आणि शिष्य “मग कोणाचे तारण होईल?” म्हणून हादरतात ते त्यामुळेच. गुडघे टेकून जमणारं असतं तर हादरले नसते.

बघा, इथे मी अलंकार धरतोय. आणि दरवाजा शोधणारे शब्दशः. श्रीमंतांना सोयीचा असा शब्दशः.

पितळी_डबा | मंगळवार, दुपारी १.३०

+१. हा आजचा प्रतिसाद.

ओहायोवासी | मंगळवार, सायंकाळी ७.२०

शब्दशः घेण्याचं टोक ऐका. आमच्याकडे अ‍ॅपलेशियाच्या डोंगरात काही छोट्या पेंटेकोस्टल मंडळ्या उपासनेत विषारी साप हातात धरतात. आधार मार्क १६:१८, “ते सर्प उचलतील.” ही प्रथा फैलावणारा हेन्स्ली १९५५ साली सर्पदंशानंच गेला. बाकीचे पेंटेकोस्टल त्याच वचनांतलं अन्य भाषांत बोलणं आणि आजार्‍यांवर हात ठेवणं शब्दशः घेतात, साप तेवढे वगळतात. आणि यावर कडी म्हणजे मार्कच्या सर्वांत जुन्या दोन पूर्ण हस्तलिखितांत ही शेवटची बारा वचनं नाहीतच. सोळावा अध्याय आठव्या वचनावर संपतो.

तिरफळ | मंगळवार, सायंकाळी ७.२६

म्हणजे साप मारला तो भलत्याच पुस्तकातल्या काठीनं. (म्हण बिघडली, कल्पना आहे.)

ओवीकार | बुधवार, सकाळी ९.००

खडकावरचे_घर यांनी ‘दोन ओळींचं जोडपं’ म्हटलं त्यावर एक नमुना देतो, मला तो फार आवडतो. जखर्‍या ९:९ मध्ये राजा येतोय: गाढवावर बसून, गाढवीच्या शिंगरावर बसून. जनावर एकच, ओळी दोन. आपल्या जात्यावरच्या ओव्यांत बाई भावाला एका ओळीत ‘बंधुराया’ आणि दुसरीत ‘पाठचा भाऊ’ म्हणते, म्हणून भाऊ दोन होत नाहीत.

मार्क, लूक, योहान तिघांकडे एकच शिंगरू. मत्तयाच्या २१ व्या अध्यायात मात्र गाढवी आणि शिंगरू दोन्ही आणतात, त्यांवर वस्त्रं घालतात आणि “त्यांवर तो बसला.” मत्तयाला ओव्या कळत नव्हत्या असं काही जण म्हणतात. काहींच्या मते तो मुद्दाम भविष्याचं अक्षर न् अक्षर पुरं करून दाखवतोय. काही सरळ म्हणतात, शिंगरू बुजू नये म्हणून आई बरोबर होती, आणि ‘त्यांवर’ म्हणजे वस्त्रांवर. म्हणजे हा वाद बायबलवर नाही, बायबलच्या आत आहे! पौलसुद्धा गलतीकरांस पत्रात हागार आणि सारा या दोन बायकांना उघडपणे दोन करारांचं रूपक करतो. शब्दशः आणि रूपक दोन्हींचे कुळपुरुष त्याच पुस्तकात बसलेत.

भाषांतरकारालाही सुटका नाही. फादर स्टीफन्सनं १६१६ मध्ये रायतूरला छापलेलं क्रिस्तपुराण घ्या. बायबलची कथा त्यानं ओवीत घातली, नाव दिलं पुराण. ऐकणार्‍यानं ती कशी ऐकायची ते नावानंच ठरलं: बसून, तालात, पुन्हा पुन्हा. उलट पंडिता रमाबाईंनी केडगावला इब्री-ग्रीकवरून भाषांतर केलं ते साध्या बाईला कळावं म्हणून, अलंकार उतरवून ठेवून. ते १९२४ साली, त्यांच्या पश्चात, आलं. आणि ‘आमची रोजची भाकर’! गालीलात ज्वारी कुठली? पण ‘पाव’ म्हटलं असतं तर नगरच्या माणसाला ती प्रार्थना आपली वाटली असती का?

नेढ्यातला_वारा | बुधवार, सकाळी ९.१४

वाचनखूण साठवली.

शनिवारवाला | बुधवार, दुपारी २.००

प्रकटीकरणाला, बायबलच्या शेवटच्या पुस्तकाला, कुणी हातच लावला नाही! त्यातल्या श्वापदाच्या ६६६ या आकड्यावरून आमच्या घराच्या ग्रुपवर दर महिन्याला नवं श्वापद सापडतं. बारकोड झाला, आधार झालं, लस झाली.

सुकेळी | बुधवार, दुपारी २.३५

इब्रीत अक्षरांना अंक असतात. ‘नेरो कैसर’ची बेरीज ६६६ येते, आणि काही जुन्या प्रतींत ६१६ आहे तोही नेरोच्या लॅटिन उच्चारानं जुळतो. छळ सोसणार्‍या माणसांची ती सांकेतिक भाषा. व्यंगचित्रातला वाघ बघून आपण वनखात्याला फोन करत नाही.

शनिवारवाला | बुधवार, दुपारी २.५०

नेरोवर थांबणं आम्हाला मान्य नाही, दानीएलापासून सरळ आजपर्यंत आम्ही ती इतिहासाची साखळी मानतो. पण त्यासाठी दुसरा धागा काढू. इथे माळरान रागावतील.

माळरान | शुक्रवार, रात्री ९.४५

रागावलो नाही, वाचत होतो. एवढं मिळेल वाटलं नव्हतं. बायकोनं सगळे प्रतिसाद सासर्‍यांना मोठ्यानं वाचून दाखवले. १९०९ चा निर्णय ऐकून ते म्हणाले, “आमचे आजोबा आत्याबाईंच्याही पुढे होते, चंद्रावर माणूस गेला हेही त्यांना मान्य नव्हतं.”

काल आत्याला फोन केला. ती रोज सकाळी एक स्तोत्र म्हणते, काल अठ्ठ्याण्णवावं होतं. त्यात “नद्या टाळ्या वाजवोत” असं आहे. मी मुद्दाम डिवचलं, आत्या, नदीला हात असतात का गं? वाटलं आता सापडली.

ती म्हणाली, “भाद्रपदात प्रवरेला पाणी सुटलं की पुलावर उभा राहा रात्रीचा. मग मला विचार.”

मग मी म्हटलं, तेच तर सासरे म्हणत होते. ती म्हणाली, “नाही. त्यांना ऐकू आलं म्हणून ते गाणं म्हणतात. मला ऐकू आलं म्हणून मी खरं म्हणते.” आणि लेकीला फोन द्यायला सांगितला.

खडकावरचे_घर | शुक्रवार, रात्री १०.१०

आत्याबाईंना सलाम सांगा. मात्र नोंद असू द्या: ९८ वं स्तोत्र स्तोत्रच आहे. उत्पत्ती १ अजूनही स्तोत्र नाही.

सुकेळी | शुक्रवार, रात्री १०.१४

झालं, पुन्हा पहिल्या दिवसावर आलो.

तिरफळ | शुक्रवार, रात्री १०.१५

संध्याकाळ झाली व सकाळ झाली. आता तरी सांगा, फुग्यांबरोबर काय होतं?